सनरूफ पाहिजे, पट्टा नको

मे महिन्यातली दुपार, वर्धा रोडवरचं एक शोरूम, बाहेर पारा ४५च्या वर, आणि सेल्समन पोरानं आम्हाला टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत बसवून सगळ्यात पहिलं काय केलं असेल तर छत उघडलं. "पाहा न मॅडम, आवाजानं पण उघडते, बटण दाबायचं कामच नाही." मी म्हटलं बाबू, आधी बंद कर ते, टाळू शिजून राहिली माझी. नागपूरचा माणूस एप्रिल ते जून डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही, गाडी लावायला कडुनिंबाची सावली मिळावी म्हणून शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं अबोला धरतो, २०२४च्या मे महिन्यात इथल्या एका ऑटोमॅटिक यंत्रानं ५६ डिग्री दाखवले तेव्हा हवामान खात्यानं सेन्सर बिघडला होता असं सांगेपर्यंत आम्हाला कोणाला त्यात फार काही खोटं वाटलं नव्हतं, आणि हाच माणूस छताला भोक असलेल्या मॉडेलसाठी पाऊण-एक लाख जास्त मोजायला एका पायावर तयार.

मग मी विचारलं, मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याला सीटबेल्टचा पट्टा कोणता, नुसता कमरेचा का खांद्यावरून येणारा? कारण आमच्याकडं मधली जागा सासूबाईंची, दोन्ही बाजूंना दोन पोरं आणि मध्ये त्या, भांडणं सोडवायला. पोरानं माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं आणि उत्तर त्याला दिलं. "सर, मागं कोण लावते जी पट्टा? आपल्याकडं कस्टमर एवढं विचारत नाही. ॲव्हरेज, रिसेल आणि सनरूफ, बस."

हे 'आपल्याकडं' मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. कारण हा एकट्या त्या पोराचा समज नाही, चांगली शिकलेली माणसंही असंच बोलतात. जर्मन माणसाला स्पीड लागतो, जपान्याला छोटी नेटकी गाडी, अमेरिकनाला हत्तीएवढी, स्वीडनवाल्याला सेफ्टी, आणि आपल्याला काय, तर कितना देती है. जशी काही ही आवड आईच्या दुधातूनच येते. मला हे पटत नाही. गाडीत काय आवडावं हे बरंचसं कायदा शिकवतो, टॅक्स शिकवतो, रस्ता शिकवतो, आणि एकदा ते अंगवळणी पडलं की आपण त्याला संस्कृती म्हणून मोकळे होतो.

जपानचंच घ्या. तिथं 'के' नावाच्या छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्गच आहे, पिवळी नंबरप्लेट, लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत, आणि तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत साधारण तिसरा हिस्सा यांचाच असतो. लोक म्हणतात जपानी माणूस स्वभावानंच आटोपशीर. असेलही बाप्पा. पण या गाड्यांना टॅक्स कमी लागतो हे कोणी सांगत नाही, आणि तिकडं शहरात गाडी नावावर करायच्या आधी ती ठेवायला जागा आहे असा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो, १९६२च्या कायद्यापासून, खेड्यांकडं छोट्या गाडीला त्यातूनही सूट, हेही कोणी सांगत नाही. आता हाच नियम धरमपेठेत लावून पाहा. आमच्या गल्लीत पोर्च स्कूटरपुरता आणि दारात पावणेदोन मीटर रुंदीची एसयूव्ही, ती रात्रभर रस्त्यावर, आणि सकाळी काढली की जागा कोणी घेऊ नये म्हणून तिथं रंगाचा रिकामा डबा आणि दोन विटा. २०२५मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही असं म्हटलं तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर जो शिमगा झाला तो मी वाचलाय. आपली मोठ्या गाडीची आवड किती खोल आहे ते जागेचं भाडं मागितलं की कळेल.

आणि गंमत अशी की ज्या मारुती ८००नं १९८३पासून आपल्याला गाडी म्हणजे काय ते शिकवलं ती जपानी सुझुकीच्या त्याच छोट्या घराण्यातली, इंजिन फक्त ७९६ सीसी. बाबांनी सेकंडहॅन्ड घेतली होती, एमएच ३१ पासिंगची, पुढं दोघं, मागं चौघं आणि डिक्कीत पाण्याची सुरई, रामटेकला जाऊन यायचो. ती आम्हाला कधी लहान वाटली नाही.

अमेरिकेत फोर्डची एफ सिरीज १९७७पासून सगळ्यात जास्त खपणारी पिकअप आहे. मोकळा देश, मोठी अंतरं, मोठी माणसं, सगळं खरं. पण त्यात एक कोंबडीही आहे. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकेच्या कोंबडीवर कर वाढवला, त्याचा वचपा म्हणून १९६४मध्ये अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के ड्यूटी बसवली, भांडण मिटून जमाना झाला तरी ती ड्यूटी काही उठली नाही. म्हणजे बाहेरची स्वस्त छोटी पिकअप आत येणंच अवघड, वरून तेल किती प्यायचं याचे नियम ट्रकला कारपेक्षा ढिले, मग कंपन्यांनी जे जास्त नफ्याचं तेच मर्दानगीच्या जाहिराती करून करून विकलं. नॉर्वे तर याच्या उलट, तेल विकून श्रीमंत झालेला देश, थंडी अशी की बॅटरीनं माना टाकाव्यात, आणि तिथं २०२४मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक. नॉर्वेच्या माणसाला जन्मतः बॅटरीचं प्रेम नव्हतं, पेट्रोलच्या गाडीवर जबर कर होता आणि इलेक्ट्रिकला वर्षानुवर्षं माफी, एवढंच. जर्मनीत ऑटोबानच्या साधारण ७० टक्के लांबीवर कायमची वेगमर्यादा नाही, नुसती १३०ची शिफारस, तर तिथला माणूस ब्रेक आणि स्टिअरिंगबद्दल आपण पोह्यांवरच्या तर्रीबद्दल बोलतो तसं बोलणारच ना.

मला या सगळ्यात जवळची वाटते ती फ्रान्सची गोष्ट. १९४८मध्ये सिट्रोएननं टू-सीव्ही नावाची गाडी लोकांसमोर आणली, दिसायला अगदी बेडूक, आणि ती बनवायच्या आधी इंजिनिअरांना घातलेली अट अशी होती की शेतकऱ्याला नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेता आली पाहिजेत आणि एकही फुटलं नाही पाहिजे. ही अट काटोल-नरखेडच्या कुठल्याही संत्रावाल्याला समजावून सांगायची गरज पडणार नाही. आपण ग्राउंड क्लिअरन्स किती, खाली लागते का, असं विचारतो ते काही भारतीय मनाचं गूढ वगैरे नाही, आपल्या गल्लीत मनपानं विचारून न विचारून बांधलेले स्पीडब्रेकर आहेत.

आपल्या बाकीच्या आवडीही अशाच घडल्यात. २००६मध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांना एक्साइज ड्यूटीत सवलत मिळाली आणि मग शेपूट छाटलेल्या, म्हणजे डिक्की आखूड केलेल्या सेडान निघायला लागल्या. २०१२ची डिझायर आठवा, मागून अशी सरळ की कलिंगडावर सुरी फिरवावी. शोरूममध्ये नाक मुरडणारे तेच लोक ती गाडी रांगा लावून घेऊन गेले. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीत पण तीच चार मीटरची रेघ, अलीकडं १८ टक्के, पलीकडं ४०. तेव्हा दहा वर्षांनी कोणी 'भारतीय माणसाला आटोपशीर गाडीच भावते' असं लिहिलं तर हसू नका म्हणजे झालं.

खरोखरची संस्कृती नसतेच असं मी म्हणत नाही. चीनमध्ये लोकांना नव्या गाडीचा वास सहन होत नाही, इतका की फोर्डनं तो घालवायच्या पद्धतीचं पेटंट मागितलं होतं, आणि आपल्याकडं सीटवरचं प्लास्टिक या दसऱ्यापासून त्या दसऱ्यापर्यंत काढत नाहीत, तोच वास टिकावा म्हणून, घाम आला तरी चालते. चाकाखाली लिंबू, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नंबरची बेरीज नऊ. यात माझी काही तक्रार नाही, लिंबू मी स्वतः ठेवते. पण जीव वाचवायची वस्तू रंग, वास आणि सनरूफ यांच्याच खात्यात टाकायची आणि वर 'कस्टमर मागत नाही' म्हणायचं, इथं माझं डोकं फिरतं.

कारण मागत तर कोणीच नव्हतं. स्वीडनचा दाखला सगळे देतात, तीन टोकांचा पट्टा, म्हणजे तोच खांद्यावरून येणारा, व्होल्वोच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरनं १९५९मध्ये आणला, कंपनीनं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, फार मोठं मन, मान्य. पण त्याच स्वीडनला पुढच्या सीटवर पट्टा लावायची सक्ती करावी लागली १९७५मध्ये. मधली १६ वर्षं पट्टा गाडीत होता, रक्तातली सेफ्टी पण होती म्हणे, मग कायदा काऊन करावा लागला? अमेरिकेचं तर आणखी मजेदार. फोर्डनं १९५६मध्ये पट्टे, गादी लावलेला डॅशबोर्ड असं सेफ्टीचं पॅकेज मोठ्या जाहिराती करून काढलं, त्या वर्षी शेव्हरोलेनं जास्त गाड्या विकल्या आणि धंद्यातल्या लोकांनी अर्थ काढला की सेफ्टी विकत नाही. आमच्या वर्धा रोडवरच्या पोराचंच वाक्य, फक्त टाय लावून. पुढं १९७४च्या मॉडेलांना अशी सोय सक्तीची झाली की पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही, तर लोक असे भडकले, सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसते म्हणून बोंबलले, की त्याच वर्षी तिथल्या संसदेनं ती सक्ती काढून टाकली. पट्टा लावायचा पहिला राज्य कायदा न्यूयॉर्कनं केला तो १९८४मध्ये. आज तिथं पुढं बसणारे दहातले नऊ लावतात. देश तोच, माणसं तीच, नातवंडं म्हणा फार तर.

आपल्याकडं जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून त्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या संस्थेनं इथल्या पाच खपाच्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या, पाचही शून्य स्टार. त्यात फोक्सवॅगनची पोलो होती, जी युरोपात एअरबॅगसकट मिळायची आणि इथं बेस मॉडेलला बिनएअरबॅगची. बोभाटा झाल्यावर कंपनीनं ते बिनएअरबॅगचं मॉडेल बंद केलं, सगळ्यांना दोन एअरबॅग दिल्या आणि तीच गाडी चार स्टारवर गेली. ग्राहक अचानक शहाणा झाला होता का? नाही, नाव चव्हाट्यावर आलं होतं. डिसेंबर २०१८मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच स्टार मिळाले आणि मग आमचे मोठे भाऊजी, ज्यांनी आयुष्यभर गाडी घेताना बोनेट अंगठ्यानं दाबून 'पत्रा जाड आहे का' आणि दार आपटून 'धप्प वाजते का' एवढीच परीक्षा घेतली, ते जेवता जेवता स्टार विचारायला लागले. २०२४मध्ये नवी डिझायर, त्या छाटल्या शेपटीचीच नात, पाच स्टार घेऊन आली. दहा वर्षांत एवढं बदलतं त्याला मी तरी रक्त म्हणणार नाही.

आता घरची गोष्ट. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळून स्टार द्यायची आपली स्वतःची टेस्ट, १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालं, ते आणणारे नितीन गडकरी, म्हणजे आमचेच खासदार, आणि त्याबद्दल त्यांना मोकळ्या मनानं शाबासकी. पण ती टेस्ट करायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर सोडलंय. आणि सहा एअरबॅगचं काय झालं? आधी म्हणाले ऑक्टोबर २०२२पासून, मग पुढं ढकललं ऑक्टोबर २०२३ला, आणि ती तारीख येते न येते तोच सांगितलं की सक्ती करणार नाही. म्हणे बाजारात चढाओढ आहे, कंपन्या आपण होऊनच देतील. बऱ्याच कंपन्यांनी दिल्याही, हे कबूल केलं पाहिजे. पण चढाओढ वरच्या मॉडेलपासून खाली झिरपते आणि बेस मॉडेलवाला सगळ्यात शेवटी ओला होतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे गरीब देश, किंमत वाढली तर लोक गाडीच घेणार नाहीत, स्कूटरवर चौघं बसून जातील, ते बरं का? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ॲव्हरेज विचारणारा माणूस कंजूष नसतो. उमरेडहून बुटीबोरीला रोज जाणं-येणं मिळून ऐंशी किलोमीटर धरा, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दोन हजार किलोमीटर. अठराचं ॲव्हरेज असेल तर एकशे अकरा लिटर, विसाचं असेल तर शंभर, पेट्रोल शंभराच्या वर, तर फरक झाला अकराशे-बाराशे रुपयांचा. ही पोराची ट्यूशन फी आहे. म्हणूनच तर माझं म्हणणं आहे की याच माणसाला काउंटरवर उभं करून 'एअरबॅग टाकू का ट्यूशन' असं विचारू नका. ब्रेक आपण असे विचारून देत नाही. चाकं तीन लावू का चार, चौथ्याचे वेगळे पडतील, असं विचारत नाही. जे सगळ्यांच्या गाडीत असतं त्याची किंमत मोठ्या संख्येत विरघळते, आणि जे टॉप मॉडेललाच असतं ते कायम महाग राहतं. आणि भारतीय माणूस फक्त किंमत पाहतो म्हणणाऱ्यांनी नॅनो आठवावी, एक लाखाची गाडी म्हणून २००८मध्ये जगभर गाजली, २०१८मध्ये बंद पडली. सगळ्यात स्वस्त म्हणून ती विकली हे चुकलं असं रतन टाटा स्वतः म्हणाले होते. तेव्हा लोकांना स्वस्तही नको होतं, मग आता काय नक्की पाहिजे ते ठरवा न एकदाचं.

नुसता कायदा करून भागत नाही हे मी पण पाहिलंय. मागच्या दिवाळीत भाऊजींच्या गाडीला सीट कव्हर, मॅटिंग आणि पुढं लोखंडी गार्ड लावायला एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. त्या गार्डवर डिसेंबर २०१७पासून बंदी आहे, समोरून धडक बसली तर तो एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब बिघडवतो, आणि सीटच्या बाजूतून निघणाऱ्या एअरबॅगची वाट जाड सीट कव्हर अडवू शकतं, हे मी सांगितलं तर दुकानदार माझ्याकडं अशा नजरेनं पाहून राहिला की वहिनींना गाडीतलं काय समजते. पैसे दिल्यावर त्यानं प्रेमानं दोन क्लिपा फुकट दिल्या, पट्ट्याच्या खोबणीत घालून ठेवायच्या, पट्टा नाही लावला तरी टूं टूं वाजत नाही. मे २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना याच क्लिपा विकणं बंद करायला लावलं होतं, आणि इथं त्या खरेदीवर शगुन म्हणून मिळून राहिल्या. लाखो रुपयांच्या गाडीतली कित्येक वर्षांच्या संशोधनाची वस्तू बंद पाडायला पन्नास रुपयांचं पत्र्याचं चपटं तुकडं, आणि तेही आपण कौतुकानं घेतो. भाऊजींनी एक लावली, दुसरी मी पर्समध्ये टाकली ती अजून तिथंच आहे.

सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मर्सिडीजच्या मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी मागं पट्टे लावायला सुरुवात केली. ४ तारखेची गोष्ट, ९ तारखेला अनंत चतुर्दशी, विसर्जनाला निघालो तोवर विसरले पण होते. मी पण, खोटं काऊन बोलू.

आणि आता आपला रस्ताच बदललाय. ज्या काळात ॲव्हरेज आणि ग्राउंड क्लिअरन्स शिकलो तेव्हा नागपूरहून अमरावतीला जाताना साठ-सत्तरच्या वर काटा नेणं म्हणजे मस्ती समजली जायची. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला, ५ जून २०२५ला शेवटचा तुकडा झाला, ७०१ किलोमीटर, कारला १२०ची परवानगी, सरळसोट सिमेंट, दुपारी तव्यासारखं तापलेलं, आणि त्यावर टक्कल पडलेले टायर घेऊन, मागं पाच माणसं बिनपट्ट्याची बसवून, छत उघडून त्यातून पोरांना अर्धं बाहेर काढून लोक रील करत जातात. रस्ता १२०चा दिला तर गाडी, पट्टा आणि तपासणी पण १२०ची पाहिजे. एंट्रीलाच थांबवून मागचे पट्टे पाहा, नाही लावले तर आत सोडू नका, तिथं काही ट्रॅफिक जाम होत नाही. सहा एअरबॅग बेस मॉडेलपासून द्या आणि सनरूफचे काय ते वेगळे घ्या, ज्याला ऊन खायचं त्यानं पैसे भरून खावं.

परवा पुन्हा गेलो होतो शोरूमला, सासूबाईंना घेऊन. मधला पट्टा शेवटी मीच शोधला, सीटच्या फटीत दबलेला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, खांद्यावरून येणाराच निघाला. सासूबाईंनी लावून पाहिला, म्हणाल्या पदर चुरगळते गं, पण बसलं बरोबर. मग मी म्हटलं, हीच गाडी, एअरबॅग सगळ्या, पण सनरूफ नको. पोरगा म्हणाला, मॅडम, तसं मॉडेल आहे कंपनीचं, पण कोणी घेत नाही म्हणून आम्ही मागवतच नाही, थांबावं लागेल. मी विचारलं, तुम्ही ठेवतच नाही तर कोणी घेईल कसं? यावेळी त्यानं नवऱ्याकडं पाहिलं तर नवरा मोबाइल पाहून राहिला होता. नाव टाकून आलोय, दसऱ्यापर्यंत मिळेल म्हणे.